सुई की बाटली

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस होता. अशा समारंभात म्हाताऱ्यांना एका कोपऱ्यात खुर्च्या मांडून देतात, तशा आम्हालाही दिल्या होत्या. बोलता बोलता विषय जुन्या वाशीवर आला, तिथून जुन्या डॉक्टरांवर, आणि शेजारचे गृहस्थ म्हणाले, "एक टिपणीस डॉक्टरीण होती बघा. दिवाळे गावच्या कोळणीचा हात तिच्या सुईने गेला. ठाण्याला केस झाली होती."

"सुईने नाही गेला," मी म्हणालो.

"मग कशाने?"

मी वाटी खाली ठेवली आणि तोंड उघडलं, तेवढ्यात केक आला. सगळे उठले. गृहस्थही उठले. त्यांचा विषय तिथेच संपला. माझा मात्र संपला नाही. टिपणीसबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मागे त्यांचं एवढंच नाव उरलेलं असेल, तर ते पुसणं माझ्याकडेच येतं. कारण ते पुसू शकेल असा दुसरा कुणी जिवंत नाही, आणि ते लागलं त्यात माझाही हात होता.

मी वाशीत औषधांचं दुकान चालवत असे. खाडीवरचा पूल होऊन थोडीच वर्षं झाली होती. इमारती होत्या, पण माणसं नव्हती. रस्त्यांना नावं नव्हती, सेक्टरचे आकडे होते, आणि संध्याकाळी सहानंतर बससाठी उभं राहिलं की खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याशिवाय सोबत नसे. अशा जागी डॉ. विमल टिपणीस यांनी दवाखाना टाकला. माझ्या दुकानापासून चार गाळे सोडून. बाई उंच होत्या आणि उंच बायका त्या काळी जशा किंचित वाकून चालत तशा चालत. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, चष्म्याला काळा दोरा. लग्न केलं नव्हतं. आवाज घोगरा. हसत क्वचित, आणि हसू आलंच तर तोंडापुढे औषधाच्या चिठ्ठ्यांचं पॅड धरत, जणू हसणं पेशंटच्या प्रकृतीला बरं नव्हे.

त्यांचं अक्षर सुवाच्य होतं. हे मला सुरुवातीला अपमानास्पद वाटायचं. डॉक्टरांचं अक्षर फक्त आपल्यालाच लागतं, यावर केमिस्टची निम्मी प्रतिष्ठा उभी असते. बाईंची चिठ्ठी पेशंट स्वतःच वाचून दाखवायचा आणि वर म्हणायचा, "जेवणानंतर घ्यायचंय, सामंत, इथे लिहिलंय."

आठवड्यातून तीन दुपारी त्या बसने दिवाळ्याला जात. बेलापूरच्या खाडीकाठचा हा कोळीवाडा. तिथे त्यांनी देवळाजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. पुढच्या खोलीत पेशंट, मागच्या खोलीत स्टोव्ह. स्टोव्हवर सुया आणि काचेच्या सिरिंजा उकळत आणि शेजारी किल्लीचं गजराचं घड्याळ असे. पाण्याला उकळी फुटली की बाई गजर लावत. तो वाजेपर्यंत कुणालाही, अगदी गावच्या पाटलालाही, इंजेक्शन मिळत नसे. गजर वाजला की बाहेर बसलेल्या कोळणी एकमेकींना सांगत, "बायच्या सुया शिजल्या. चला, आता भात टाका!" बाईंना ही थट्टा ठाऊक होती. एकदा त्यांनीच मागच्या खोलीतून ओरडून विचारलं होतं, "कालवण कुणाकडे आहे?"

दुसरी सवय बाटली उजेडात धरण्याची. सलाईन तेव्हा काचेच्या बाटलीत यायचं, जाड काच, वर रबरी बूच. बाटली खिळ्याला टांगण्याआधी बाई ती दारात नेत, डोळ्यांसमोर धरून फिरवत, आणि मगच आत आणत. त्यांना औषधं पुरवणाऱ्या मलाही ती सवय लागली. बाईंकडे माल पाठवायचा असला की मी ट्यूबलाइटखाली एकेक बाटली पाहायचो. ही माझी सवय लक्षात ठेवा, पुढे ती यायची आहे.

पण त्यांची खरी ओळख त्यांच्या प्रश्नांची. आमच्या इमारतीत ठोंबरे नावाचे एक कारकून राहत. एक दिवस तक्रार घेऊन आले, "बाई, न्यू बॉम्बेत आल्यापासून पोट बिघडलंय. इथलं पाणीच वाईट. टाकीचं."

बाई म्हणाल्या, "बायकोचं पोट?"

"तिचं ठीक आहे."

"मुलांचं?"

"त्यांना काय धाड भरलीय!"

"ती दुसऱ्या टाकीचं पितात?"

मग बाईंनी विचारलं, रविवारी कसं असतं? रविवारी बरं असतं. दिवाळीच्या सुट्टीत? बरं होतं. "मग ठोंबरे," बाई म्हणाल्या, "तुम्ही न्यू बॉम्बेत राहायला आलात तेव्हाच तुमची ऑफिसची खानावळही बदलली असेल." बदलली होती. चिठ्ठीवर त्यांनी औषध लिहिलं नाही, 'डबा' असं लिहिलं. ठोंबरे ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले आणि विचारू लागले, ही गोळी आहे का.

"नंतर म्हणजे त्यामुळे नव्हे," हे त्यांचं पालुपद होतं. दही खाल्लं आणि ताप आला, गाडीत बसलो आणि पाठ धरली, ती शेजारीण बघून गेली आणि मूल रडायला लागलं. सगळ्यांना त्या हेच ऐकवत. दिवाळ्यातल्या पोरांनाही ते पाठ झालं होतं. आई ओरडली की पोर म्हणे, "मी आलू नं मंग हंडी फुटली, मी फोरली नाय."

या पालुपदाचं वजन मला एका हळदीच्या वेळी कळलं. दिवाळ्यात लग्न होतं. हळदीचं जेवण झालं आणि पहाटेपासून माणसं ओकू लागली. गावाच्या कडेला मराठवाड्यातून आलेलं एक बौद्ध कुटुंब भाड्याने राहत असे. नवरा रस्त्याच्या कामावर मुकादम होता. बायको सुमनबाई. शेजारधर्म म्हणून तिने लग्नघरी रव्याचे लाडू करून दिले होते. सकाळपर्यंत गावाने निकाल लावला होता की लाडवांनी झालं. काही जण त्याहून वाईट बोलत होते. मी औषधं घेऊन बाईंबरोबर गेलो होतो. सुमनबाई दाराआड उभी होती आणि तिचा नवरा दारात, हाताची घडी घालून, मार खायच्या तयारीने.

बाईंनी कुणाशी वाद घातला नाही. घरोघर फिरल्या. लाडू खाल्लास? भात खाल्लास? चिंचेचं कालवण? एका म्हाताऱ्याला साखरेचा आजार होता. त्याने लाडवाला हात लावला नव्हता, आणि तो सगळ्यांत जास्त ओकत होता. सुमनबाईची पोरं घरी उरलेले लाडू खाऊन अंगणात हुंदडत होती. मग बाई लग्नघराच्या चुलीपाशी गेल्या. मोठा पितळी टोप होता. त्यांनी आतून नखाने खरवडला.

"कल्हई कुठाय याची?"

लग्नघरची म्हातारी म्हणाली, "करून घ्याची व्हती, बाय. लगनाची घाई."

"आणि चिंचेचं कालवण रात्रभर यात?"

म्हातारीने तोंडावर पदर घेतला. बाईंनी परातीतला एक लाडू उचलला, सगळ्यांच्या देखत खाल्ला, दुसरा म्हातारीच्या हातावर ठेवला. "खा. तुझ्या टोपाने गाव ओकलं, आणि नाव हिचं घेता." म्हातारीने खाल्ला. तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "गोर हाय जरा." त्यावर सगळे हसले आणि ते प्रकरण मिटलं. सुमनबाई मात्र त्या दिवसापासून बाईंना कधी रिकाम्या हाती बसमध्ये चढू देत नसे.

आता हिराबद्दल.

हिरा त्या हळदीतल्या नवऱ्यामुलाची चुलतबहीण. लग्न गावातच झालं होतं, नवरा होडीवर. बेलापूरच्या नाक्यावर मासे विकायला बसायची. मासा कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. विळी पायाखाली दाबून, उजव्या हाताने मासा असा फिरवायची की गिऱ्हाईक बोलणं विसरून बघत राही. तोंडाने तिखट. मला म्हणायची, "दवाईवाले, तुज्या गोल्यांपरीस माजी बोंबलां बरी, निदान वास तरी येतो."

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी दिवाळ्यात हगवणीची साथ आली. बाईंच्या मागच्या खोलीत, पुढच्या खोलीत, ओट्यावरसुद्धा माणसं निजवलेली. भिंतीला खिळे ठोकून बाटल्या टांगलेल्या. जुनं खोकं संपलं म्हणून बाईंनी निरोप पाठवला आणि मी नवं खोकं धाडलं. दिवाळ्याला मासे आणायला बर्फाचा टेम्पो जायचा, त्यात. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. बाटल्या उजेडात धरायच्या राहिल्या.

नव्या खोक्यातली बाटली लावलेल्या काही जणांना तासाभरात हुडहुडी भरली. बाईंनी बाटल्या काढल्या, उरलेल्या बाजूला ठेवल्या. बाकीचे सावरले. हिराचा ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी सुई टोचलेला हात कोपरापर्यंत काळानिळा झाला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता. उजवा हात कोपराच्या वरून कापावा लागला.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, विष शिरेतून आत गेलं. बाटलीतून गेलं की सुईवरून, ते आता कोण सांगणार?

बाई परत आल्या त्या थेट माझ्या दुकानात. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "सामंत, एक तर कंपनीची बाटली, नाहीतर माझी सुई. तिसरं काही नाही. सुया दोन्ही खोक्यांच्या वेळी त्याच होत्या, स्टोव्ह तोच, हात माझेच. जुन्या खोक्यातल्या एकालाही थंडी वाजली नाही. त्या लॉटच्या बाटल्या तुमच्याकडे उरल्यात ना?"

"आहेत."

"कुणाला देऊ नका. तपासायला पाठवायच्यात."

दुसरा कुणी डॉक्टर असता तर गप्प बसला असता. हिराच्या घरच्यांना कोर्टकचेरी सुचलीही नव्हती. त्यांच्या लेखी देवीचा कोप होता आणि बाय देवमाणूस. बाईंनीच त्यांना ठाण्याच्या पेंडसे वकिलांकडे नेलं. पेंडसे म्हातारे आणि सरळ गृहस्थ होते. त्यांनी बाईंना बजावलं, "बाई, बाटली शाबीत झाली नाही, तर उरते ती तुमची सुई. केस तुम्हीच उभी करताय, आणि पडली तर तुमच्याच अंगावर."

"हिराला मासे कापता येत नाहीत आता," बाई म्हणाल्या. "कुणामुळे, ते कळलं पाहिजे. मी असले तर मी."

मग बाटलीचा शोध सुरू झाला. इथे दिवाळ्याची एक रीत सांगायला हवी. सलाईनची रिकामी बाटली कुणी टाकत नसे. पैसे भरलेत, काच जाड आहे, म्हणून पेशंटबरोबर बाटलीही घरी जायची. घरोघरी फळीवर त्यांची रांग असे, कुणात रॉकेल, कुणात खोबरेल, होडीवर प्यायचं पाणी. बाईंनी ही रीत मोडली नाही, फक्त सुधारली होती. दवाखान्याच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी बायांना शिकवलं होतं की बाटली वापरायची तर आधी लेबल भिजवून काढायचं, राखेने घासायची, आत उकळतं पाणी फिरवायचं. बाया शिकल्या होत्या.

बाई आणि पेंडसे घरोघर गेले. मी सोबत होतो. प्रत्येक घरातून बाटली निघाली आणि प्रत्येक बाटली आरशासारखी लखलखीत. बाई नाकाशी धरून वास घेत होत्या. हिराची सासू तर आतून पदराने पुसत पुसत बाटली घेऊन आली.

"ही बघ बाय. तू सांगलंस तशीच घासलीय. तीनदा उकलतं पानी फिरवलंय."

बाईंनी ती हातात घेतली, सवयीने दारात नेली, उजेडात धरली. काचेत काहीच नव्हतं, पलीकडची खाडी दिसत होती. "छान घासलीस," त्या म्हणाल्या.

पुढच्या खोलीत बाजूला ठेवलेल्या भरलेल्या बाटल्यांचंही तेच झालं. बाई हिराबरोबर मुंबईला गेलेल्या असताना खोली झाडणाऱ्या बाईने पाणी मोरीत ओतलं आणि काच वाटून टाकली. टाकाऊ म्हणून ठेवलंय, असं तिला वाटलं.

राहिल्या माझ्या दुकानातल्या.

त्या मी बाई सांगून गेल्या त्याच संध्याकाळी काढल्या होत्या. ट्यूबलाइटखाली धरल्या. सरळ धरल्यावर काही दिसेना. उलट्या केल्या, आणि दोन बाटल्यांत तळाकडून कापसाच्या तंतूसारखं काहीतरी सावकाश वर आलं, फिरलं, पुन्हा बसलं. मी बराच वेळ पाहत राहिलो. मग मी वर बघितलं. माझा माल दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये असे. उन्हाळाभर तो पत्रा हात भाजेल इतका तापायचा. टेम्पोतून आणताना खोकी आपटायची ती वेगळीच. कारखान्यातच घाण शिरली की माझ्या पत्र्याखाली एखाद्या बुचाने जागा सोडली, की टेम्पोत काचेला केसाएवढा तडा गेला? कुणाला माहीत? मला भीती वाटली ती एवढ्याचीच, की शोध सुरू झाला तर तो कारखान्यापर्यंत पोचण्याआधी माझ्या शेडपाशी थांबेल.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. तरुण, टाय लावलेला, नेहमीचाच; दिवाळ्याची बातमी त्याच्या कानावर गेली होती. "सामंतसाहेब, टेन्शन कशाला घेता? त्या लॉटचा माल बदलून देतो. इन्स्पेक्टर आला तर उगाच शेडबिड बघत बसेल." मालाची अशी बदली आमच्या धंद्यात रोजची. खोकं त्याने स्वतः उचलून गाडीत ठेवलं. मी त्याला दार उघडून दिलं.

बाईंना मी सांगितलं की मी नसताना नेलं. त्या काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवत राहिल्या.

खटला वर्षानुवर्षं चालला. तारखा पडत होत्या, इकडे वाशीत घाऊक बाजार येत होता, ट्रक वाढत होते, मोकळ्या जागा भरत होत्या. बाईंचे पेशंट मात्र कमी होत होते. "कोर्टात नाव आहे" एवढं पुरतं. दिवाळ्याच्या बाया येत राहिल्या, पण ओट्यावर आता गजराची थट्टा कुणी करत नसे.

माझी साक्ष झाली. कंपनीने माल बदलून नेला का? नेला. असं नेहमी होतं का? होतं. कंपनीच्या वकिलांना एवढंच हवं होतं. पेंडशांनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून दिला? मी म्हणालो, व्यवहाराची रीत आहे. आणखी एक प्रश्न उरला होता. तो विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि मी पिंजऱ्यातून उतरलो.

मग बाई उभ्या राहिल्या. दिवाळे गाव निम्मं कोर्टात आलं होतं. कंपनीचे वकील मुंबईचे, अतिशय सभ्य.

"डॉक्टर, सलाईन लावल्यानंतर ताप आला, म्हणून सलाईनमुळे आला, असं आपलं म्हणणं?"

मागच्या बाकांवर चुळबुळ झाली. हे वाक्य गावाला पाठ होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "नंतर म्हणजे त्यामुळे नव्हे. म्हणूनच मी जुन्या खोक्याचे आणि नव्या खोक्याचे पेशंट वेगळे करून पाहिले."

"ते आपल्या आठवणीवरून. असो. आपण प्रत्येक बाटली उजेडात तपासता, असं ऐकतो. हिराबाईंची तपासली?"

"तपासली."

"स्वच्छ होती?"

"आभाळ भरलेलं होतं. मला काही दिसलं नाही."

"म्हणजे स्वच्छ होती. आता सुई. उकळली होती?"

"हो."

"गजर वाजला?"

"वाजला."

"वाजला तेव्हा आपण स्टोव्हपाशी होतात?"

पेंडशांनी खाली पाहिलं. एक 'हो' म्हटलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. सगळं कोर्ट त्या 'हो'ची वाट पाहत होतं. मीही.

"नव्हते," बाई म्हणाल्या. "ओट्यावर पेशंट होते. गजर ऐकला आणि आत आले. गर्दी फार होती, मी लगेच सुई उचलली. त्या दिवसांत रॉकेल मिळत नव्हतं. स्टोव्ह मध्येच विझला होता की गजरापर्यंत पेटता होता, हे मी बघितलं नाही."

"म्हणजे सुई कच्ची राहिली असण्याची शक्यता आहे?"

"मला तसं वाटत नाही."

"शक्यता, डॉक्टर."

"शक्यता आहे."

निकाल लागला तो त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, पण लागला तो त्याच क्षणी. कशामुळे ते सिद्ध झालं नाही, दावा रद्द. कोर्टाच्या पायऱ्यांवर हिरा उभी होती, उजवा हात पदरात गुंडाळलेला. बाई तिच्याजवळ गेल्या.

"बाय, तुला खोटं बोलाला काय झालं व्हतं?" हिरा म्हणाली. "एक सबुद. जीब झरली असती?"

बाई आणखी एक पायरी उतरून तिच्यासमोर आल्या.

"तुज्या सुईनी झालं का?"

"मला माहीत नाही, हिरा."

"तुला ठावं नाय. मना ठावं नाय. त्या कोरटाला ठावं नाय." ती पायऱ्या उतरू लागली आणि खालून वळून ओरडली, "ठावं नाय ना? मंग ये, न माजी शेपूट धर! मासा एका हातानी कापवत नाय!"

ही शिवी होती. ऐकणाऱ्या सगळ्यांना ती शिवीच वाटली. बाईंना तो, कुठे जायचं त्याचा, पत्ता वाटला असावा.

त्यानंतर आमच्या भेटी कमी झाल्या. बाईंनी वाशीचा दवाखाना बंद केला, दिवाळ्याच्या दोन खोल्या ठेवल्या. मला कुणी ना कुणी सांगत असे की सुया आता त्या दोनदा उकळतात, आणि स्टोव्हसमोर स्टूल टाकून बसतात, उठत नाहीत. बाहेर कुणी कितीही कण्हलं तरी उठत नाहीत. कुणी म्हणे, म्हातारपणी डोकं फिरलं. मला त्याचा अर्थ कळत होता. केस हरल्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. आपण त्या मुलीचा हात घेतला की नाही, हे न कळता त्या रोज सकाळी उठत होत्या. कंपनीचा तो माणूस केव्हाच बदलून गेला होता. शेडचा पत्रा मी काढून स्लॅब टाकला होता. मला कुणाचीही भीती उरलेली नव्हती. दोन बाटल्यांत तंतू होते, बाई, एवढंच सांगायचं होतं. हिराची बाटली त्यातली नव्हती हे खरं, पण खोकं त्याच लॉटचं होतं. तेवढ्याने त्यांना झोप लागली असती.

शेवटी एकदा ऐकलं की बाई नागपूरला पुतण्याकडे कायमच्या चालल्या आहेत. त्या दुपारी मी दुकान बंद केलं आणि बस पकडून दिवाळ्याला गेलो. दवाखान्याला कुलूप होतं. सुमनबाईने धक्क्याकडे बोट दाखवलं.

होड्या लागल्या होत्या. वाळत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडे हिरा विळी पायाखाली दाबून बसली होती, समोर मोठी घोळ मासळी. आणि तिच्या उजव्या बाजूला, एका पाटावर, सुती साडीचा काचा मारून, टिपणीसबाई. त्यांनी माशाची शेपूट दोन्ही हातांनी धरली होती. हिरा डाव्या हाताने डोकं धरून मासा विळीवर रेटत होती आणि बाई तिच्या रेट्याला तोलून मागे ओढत होत्या. गिऱ्हाइकं उभी होती. कुणी बघतसुद्धा नव्हतं, इतकं ते जुनं झालेलं होतं.

"ढील नको देऊ, बाय! कवा शिकशील?"

"ओढतेय की."

"आरसा नाय धरला तू, मासा हाय." मग हिराने मला पाहिलं. "दवाईवाले आलं. बस. घोल घेऊन जा, गोल्या इकून लय कमावलंस."

"या सामंत," बाई म्हणाल्या. "लांब बसा, शिंतोडे उडतात." त्यांची बोटं सालपटली होती. मी एका उलट्या टोपलीवर बसलो. नागपूरचं विचारलं. गाडी कधीची, सामान किती. जे सांगायला आलो होतो ते तोंडाशी येत होतं आणि मी गाडीचं विचारत होतो.

मासा अर्धा झाल्यावर बाईंनी शेपूट सोडली आणि शेजारच्या खापरातली राख बोटांना चोळली. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "सामंत, तुम्हाला एक विचारायचं राहिलं होतं. कोर्टात कुणी विचारलं नाही."

हिराची विळी थांबली.

"त्या उरलेल्या बाटल्या गेल्या, त्याआधी तुम्ही त्या उजेडात धरून बघितल्या होत्या का?"

त्यांनी आता वर पाहिलं. चष्म्याच्या एका काचेवर खवला चिकटला होता. त्या डोळ्यांत आरोप नव्हता. ठोंबऱ्यांना रविवारचं विचारताना होते तसेच डोळे होते ते, खरोखर माहिती हवी असलेल्या माणसाचे.

"नाही," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या, आणि राखेच्या बोटांनी शेपूट पुन्हा घट्ट धरली.

"ओढ," हिरा म्हणाली.